धूर कोंडू नका, वाहता ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या लोखंडी कपाटात बांगड्याला आणि मटणाला धुरी देण्याची कृती छापून आली आहे. भंगारात जाणारं कपाट असं कामाला लावता येतं, यात शंका नाही. पण त्या कृतीतली दोन वाक्यं दुरुस्त केल्याशिवाय ती कुणी करून बघू नये. एक, ‘कपाटाच्या तळाशी निखारे पसरावेत.’ दुसरं, ‘फटी लिंपून धूर आत कोंडून ठेवावा.’ पहिल्याने कपाट एका मोसमात जातं, दुसऱ्याने मासा कडू होतो.

कोंडण्याची गोष्ट आधी घेऊ, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. लाकडाला पुरेशी हवा मिळाली तर धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा येतो. हवा कमी पडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. मग धूर पांढरा आणि दाट होतो, आणि त्यातला डांबरासारखा ओशट अंश जो पृष्ठभाग सगळ्यात गार त्यावर जाऊन बसतो. कपाटात सगळ्यात गार काय असतं? नुकताच फ्रीजमधून काढलेला मासा. अशा मासळीवर बोट फिरवलं की काळपट चिकटा लागतो, घास घेतला की जिभेच्या टोकाला चुरचुर सुटते. पांढऱ्या धुराचे लोट बघून नवखा माणूस खूश होतो. जाणता माणूस तेव्हा धावत जाऊन खालची हवा वाढवतो. चिमणी कधीही बंद करायची नाही, अर्धीसुद्धा नाही. ताप कमी-जास्त करायचा तो फक्त भट्टीच्या तोंडाशी.

आता कपाटाविषयी. साडेसहा फुटी, दोन दारांचं घरगुती कपाट या कामाला फार मोठं पडतं. पत्रा पातळ, पोकळी मोठी. तळाला उकाडा आणि वर ओव्हन अशी गत होते. त्यापेक्षा सरकारी कचेऱ्यांतून, बँकांतून लिलावात निघणारं चार खणांचं फाइल-कॅबिनेट घ्यावं. साधारण ४७ सेंमी रुंद, ६२ सेंमी खोल, १३२ सेंमी उंच, म्हणजे आत पावणेचारशे लिटरच्या आसपास जागा. शिवाय एक खण ओढला तरी बाकीच्या खणांमधली ऊब बरीचशी टिकते. कपाटाचं दार उघडलं की सगळीच जाते. जुना फ्रीज मात्र कुणी घेऊ नये. त्याच्या आतलं अस्तर प्लास्टिकचं आणि भिंतीत फोम असतो. तो तापला की विषारी वायू सोडतो. गॅसचं जुनं सिलिंडर कापून भट्टी करण्याचे व्हिडिओही फिरत असतात. ते सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचं असतं, आणि आत उरलेल्या वायूवर ग्राइंडरची ठिणगी पडली तर पुढचं सांगायला नको.

पत्रा साधा लोखंडी आहे की जस्ताचा, हे कापण्याआधी ओळखावं. कोकणात ही ओळख सोपी आहे, खारी हवाच ती करून देते. रंग उडालेल्या जागी तांबडा गंज असेल तर साधं लोखंड. पांढरी, खडूसारखी पूड धरली असेल किंवा पत्र्यावर चकाकते, वेडेवाकडे चट्टे दिसत असतील तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. पत्र्याच्या ट्रंका, कोठ्या, पाण्याचे पाइप, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी हे बहुतेक सगळं जस्ताचं असतं. ४१९ अंशांना जस्त वितळतं. मांस ठेवायच्या जागी तेवढा ताप होत नाही, म्हणून काहीजण ‘चालतं’ म्हणतात. चालत नाही. धुरात आंबट अंश असतो, मासळीतून खारं पाणी गळतं. ही दोन्ही मिळून जस्त खातात आणि ते अन्नात उतरतं. भट्टीजवळ किंवा वेल्डिंग करताना तर जस्ताची वाफच होते. ती छातीत गेली की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, हे कुठलाही जुना वेल्डर सांगेल.

रंग हा त्याहून किचकट भाग. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या कपाटाच्या रंगात शिसं आहे असंच धरून चालावं. म्हणून कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवू नये आणि ‘जाळून टाकू’ म्हणून पेटवूही नये, त्यात शिसं धुराबरोबर नाकात जातं. रंग काढायचं रिमूव्हर ब्रशने जाड थापावं, डब्यावर सांगितलेला वेळ थांबावं, रंगाला फोड आले की लोखंडी पट्टीने ओला असतानाच खरवडावा. हातात मोजे, तोंडाला मास्क, आणि खाली प्लास्टिकचा कागद, म्हणजे खरवड खळ्यात किंवा विहिरीच्या कडेला पडणार नाही. कोपऱ्यांत आणि खणांच्या घड्यांत रंग हमखास राहतो, तिथे दुसरा हात लागतो. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन लगेच उन्हात ठेवावं. ओला उघडा पत्रा किनाऱ्यावर एका रात्रीत तांबडा होतो.

खणांच्या रुळांतलं ग्रीस रॉकेलने धुऊन, नंतर साबणाने काढावं. नायलॉनची चाकं, कुलूप, प्लास्टिकच्या मुठी, रबराच्या पट्ट्या सगळं काढून टाकावं. खणाच्या तोंडाशी फट राहते तिला भट्टीसाठी मिळणारी ग्लास-फायबरची दोरी लावावी. ॲस्बेस्टॉसची दोरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. फटीतून थोडा धूर झिरपला तर बिघडत नाही. चिमणीपेक्षा फटीतून जास्त धूर यायला लागला तर मात्र दोष फटीत नाही, चिमणी चोंदली आहे किंवा आखूड पडते आहे.

भट्टी वेगळी करावी. कॅबिनेटचा पत्रा जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरचा असतो. त्यावर निखारे ठेवले तर तो आधी वाकडा होतो, मग गळतो. ३ मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडी) पत्र्याची १४ × १४ इंच, १२ इंच उंच पेटी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी. आत तळापासून ३ इंचांवर १२ मिमी सळयांची जाळी, म्हणजे राख खाली पडते आणि हवा निखाऱ्याच्या पोटातून वर येते. पेटीच्या दाराला, जाळीच्या पातळीखाली, दीड इंची चार भोकं आणि त्यांवर सरकणारी पट्टी. हवेचा सगळा कारभार या पट्टीवर. पेटी जमिनीवर आणि कॅबिनेट जांभ्या चिऱ्यांच्या एक-दोन थरांवर ठेवलं की दोघांना जोडणारा ४ इंची, दीड फुटी पाइप आपोआप चढता बसतो. तो चढताच हवा. आडवा पाइप टाकला तर धूर भट्टीच्या दारातून मागे फिरतो. हा पाइपही एमएसचाच घ्यावा. दुकानदार नळाचा जीआय पाइप पुढे करील, तो नको.

सगळ्यात खालच्या खणाचं फक्त तोंड ठेवून ते पक्कं करावं आणि पाइप मागच्या बाजूने तिथे आत घ्यावा. पाइपाच्या तोंडावर सहा इंच उंचीवर ३ मिमीचा आडवा पत्रा बसवावा, चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोकळे सोडून. हा नसेल तर पाइपासमोरची मासळी करपते आणि पुढची कच्ची राहते. या पत्र्यावर वाळू भरलेला पसरट ट्रे ठेवावा. ती ऊब धरून ठेवते आणि गळणारी चरबी झेलते. पुस्तकी कृतींत इथे पाण्याचं भांडं सांगतात. ते कोरड्या हवेच्या देशांतलं आहे. आपल्याकडे जूनपासून हवेतच एवढं पाणी असतं की आणखी वाफ सोडली तर मासळीची कातडी सुकणारच नाही. वाळू समुद्राची घेतली तर आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन कडक वाळवावी, नाहीतर मीठ पत्रा खातं.

वरच्या तीन खणांचे तळ कापायचे, कडेला इंचभर पट्टी ठेवायची, आणि त्यावर स्टेनलेस ३०४ ची जाळी टाकायची. खरेदीला जाताना लोहचुंबक खिशात असावा. ३०४ ला तो चिकटत नाही, फार तर वाकवलेल्या जागी किंचित ओढ घेतो. चिमणी ४ इंची, अडीच-तीन फूट उंच. इथे एक चूक नेहमी होते: ती छपराच्या बरोबर मधोमध बसवली जाते. गार चिमणीत धुराची वाफ थिजते आणि काळे थेंब सरळ वरच्या खणातल्या मासळीवर पडतात. म्हणून मागच्या भिंतीतून, अगदी वरच्या कडेला बाहेर काढून मग कोपराने वर न्यावी. कोपराच्या खालच्या अंगाला थेंब निघून जायला बारीक भोक पाडावं. पावसाची टोपी आणि चिमणीचं तोंड यांत किमान ४ इंच अंतर हवं.

सगळं जोडून झालं की रिकाम्या कॅबिनेटमध्ये दोन-तीन तास कोळशाचा जेवढा चढेल तेवढा ताप द्यावा. निवत आलं, पण अजून हाताला गरम लागतंय, अशा वेळी आतून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुन्हा तापवावं. खोबरेल घरात असतं म्हणून तेच लावण्याचा मोह होईल. पण खोबरेल सुकून पापुद्रा धरत नाही, चिकट राहून खवट होतं; जवसाचं धरतं. बाहेरून उष्णतारोधक चंदेरी रंग चालेल, आतून कुठलाच नाही.

थर्मामीटर दारावर मिरवायला नको, त्याची सुई जाळीच्या पातळीला, मासळीच्या शेजारी हवी. दारावरचा काटा आणि आतली जाळी यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. घेतलेला थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून बघावा. आपण समुद्रसपाटीलाच असल्याने तो १०० दाखवायला हवा. ९४ दाखवत असेल तर सहा अंशांची चूक ध्यानात ठेवावी किंवा तो परत करावा.

इंधन म्हणून लाकडी कोळसा, चवीपुरतं लाकूड. या आकाराला शांत हवेत तासाला अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो, वारा अंगावर असेल तर जवळजवळ दुप्पट. दुपारचा खारा वारा भट्टीच्या तोंडात शिरला की ताप हाताबाहेर जातो, म्हणून तोंड पश्चिमेला नको. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा असताना सुरुवात केली तर काम निवांत होतं. लाकूड आंबा, पेरू, जांभूळ, चिंच, फणस यांपैकी कुठलंही, साल काढलेलं, मुठीएवढे तुकडे, दर चाळीस मिनिटांनी एक. काजूचं लाकूड चालतं, पण काजूच्या टरफलाचा तुकडासुद्धा आत जाता कामा नये. त्यातलं तेल कातडी भाजतं, त्याचा धूर घशाला काय करील ते ओळखा. बिब्बा, काजरा, कण्हेर आणि खाडीकाठची अनोळखी लाकडं वर्ज्य. फळांच्या पेट्यांची, पॅकिंगची लाकडंही नकोत. ती बहुधा राळेची असतात, खिळे वेगळेच. करवंट्या झकास जळतात, पण भडकून. त्या सुरुवातीला कोळसा पेटवायला वापराव्यात. सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, धूर दाट आणि तुरट येतो.

लाकूड भिजवून टाकावं असंही आपल्या कृतीत आहे. भिजलेलं लाकूड आधी पाणी उकळून घालवतं आणि तोवर पांढरी वाफच देतं. उलट लाकूड वाळलेलं असावं. दोन तुकडे एकमेकांवर मारले तर टण वाजायला हवेत, थप्प नाही. पावसाळ्यात उघड्या पडवीतलं लाकूड थप्पच वाजतं. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेलं तेवढं कामाचं.

बांगड्याची रीत अशी. दोन किलो म्हणजे साधारण दहा-बारा नग. पोट साफ करून, कल्ले काढून, कण्याखालची रक्ताची रेघ नखाने खरवडून धुवावी. ती राहिली तर कडवटपणा तिथूनच येतो. दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ. मीठ वजनानेच घ्यावं, कारण वाटीभर जाडं आणि वाटीभर बारीक मीठ वजनाला सारखं भरत नाही. आवडत असेल तर आठ-दहा तिरफळं ठेचून टाकावीत. या पाण्यात पाऊण तास, फ्रीजमध्ये. मग एकदा पाण्यातून काढून, टिपून, जाळीवर उघडे मांडून पुन्हा फ्रीजमध्ये चार तास. बाहेर पंख्याखाली नको. का ते पुढे येतं. कातडी तकतकीत दिसली, बोट लावलं की किंचित चिकटलं पण ओलं झालं नाही, की मासळी तयार. ओल्या कातडीवर धूर धरत नाही, ओघळून काजळीचे पट्टे पडतात.

पहिला अर्धा तास नुसत्या कोळशावर ५०-६० अंश. मग लाकडाचा पहिला तुकडा टाकून हळूहळू ९०-१०० पर्यंत चढवावं. एकदम चढवलं तर माशाचा रस दह्यासारखा पांढरा होऊन फुटतो आणि मासा कोरडा पडतो. डोक्यामागच्या जाड भागात, काट्याला न लागता सुई खुपसून ६३ अंश दिसल्यावर तो ताप पुढे ३० मिनिटं टिकायला हवा. एकूण दीड ते दोन तास. सुरमईच्या इंचभर जाड तुकड्यांना मिठाच्या पाण्यात तासभर पुरे, बाकी तेच.

कोंबडीला आतून ७४ अंश हवेत, आणि कपाट ११०-१२० वर, नाहीतर कातडी रबरासारखी होते. डुकराच्या खांद्याचा दोन किलोचा तुकडा ११० अंशांवर सात-आठ तास घेतो. मध्येच ६५-७० अंशांना काटा अडकून तास-दोन तास हलत नाही. वरून पाणी उडत असतं, त्या थंडाव्याने तसं होतं. थर्मामीटर बिघडला नाही, घाईने निखारे वाढवू नयेत. चरबी गळून पेटली तर खण न उघडता भट्टीची पट्टी पूर्ण बंद करावी. पाणी मारू नये. वाळूची बादली शेजारी हवीच.

आणि आता फ्रीजचा आग्रह का. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या जातींत मासा उबेत राहिला की हिस्टामिन तयार होतं. ते उकळून, तळून, धुरी देऊन, कशानेही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, जीभ चुरचुरणं, डोकं ठणकणं सुरू होतं आणि दोष धुराला दिला जातो. म्हणून होडीतून उतरल्यापासून बर्फ सुटता कामा नये. याच कारणाने, परदेशी कृतींतली ‘थंड धुरी’, म्हणजे ३० अंशांच्या आत तासन्‌तास धूर देणं, किनाऱ्यावर साध्या कपाटात करू नये. इथे बाहेरचीच हवा वर्षातले बरेच महिने दुपारी ३० च्या वर असते. तो मासा धुरात नाही, उबेत ठेवल्यासारखा होतो.

लक्षद्वीपचा मासमीन टिकतो ना, असं कुणी म्हणेल. पण तो कुपा आधी उकळतात, मग धुरी देतात आणि मग लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. आपल्या सुक्या बांगड्याचंही तेच, टिकतो तो पाणी गेल्याने. घरच्या धुरीतला बांगडा आतून मऊ, रसरशीत असतो, म्हणून तो मासळीच्या डब्यात शिंक्यावर ठेवायचा नसतो. ४ अंशांखाली फ्रीजमध्ये चार दिवस. हवा काढलेल्या पिशवीत भरून बाहेर ठेवला तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात, आणि त्यांच्या विषाला वास नसतो. पावसात वीज रात्रभर गेली असेल तर सकाळी वास घेऊन ठरवू नये, टाकून द्यावा.

जागा उघडी हवी. पडवीत, बंद मांगरात किंवा पाऊस आला म्हणून न्हाणीघरात ही भट्टी ओढून नेऊ नये. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही. गवताची उडवी, झावळ्यांचा मांडव यांपासून वीस फूट तरी लांब. काम झाल्यावर, पूर्ण निवली की दुसऱ्याच दिवशी राख काढावी. राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि ओली राख भट्टीचा तळ खाते. गणपतीत वापरून दिवाळीत उघडली तर तळाला हात लावताच पापुद्रे निघतात.

आपले,
पत्र्याचं काम आणि मासळी दोन्ही हाताळणारे काही वाचक,
मालवण